हाडांचं पुरुमेंत

पत्राचा सारांश : हे पत्र गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचं आहे. मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत शिकते. पाळी सुरू होऊन आठ महिने झाले. गेल्या पावसाळ्यात मुलीची आजी, म्हणजे पत्रलेखिकेची आई, न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. "हाडं ठिसूळ झालीत," असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून या बाईंनी मुलीच्या दुधाचा ध्यास घेतला आहे. रोज सकाळी साडेसहाला गरम दुधाचा पेला, आणि त्यावरून रोजची रडारड. मागच्या महिन्यात पडवीतल्या अबोलीच्या कुंडीतून आंबूस वास यायला लागला. माती उकरली तर आत पांढरा थर. मुलगी दूध तिथे ओतत होती.

मुलीच्या नखांवर पांढरे ठिपके आहेत, अधूनमधून रात्री पाय दुखतात, उंची १४८ सेंटीमीटरवर थांबल्यासारखी वाटते. शेजारीण म्हणते, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू कर. औषधाच्या दुकानातून उंची वाढवणाऱ्या पावडरचा डबा आला आहे. नवऱ्याचं म्हणणं, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, विषय संपला. "दुधाचा नाद सोडू की गोळ्या देऊ? आईचं झालं तेच हिचं होणार का?" असं त्यांनी विचारलं आहे. मुलीचं दिवसभराचं खाणं एका कागदावर लिहून सोबत जोडलं आहे. आणि शेवटी ता.क. : "ती म्हणते, मीठ-जिरं घालून ताक दिलंस तर दोन पेले पिईन. पण ताक म्हणजे पाणीच ना?"

---

ताई,

तुमच्या ता.क.पासूनच सुरुवात करते. पत्राच्या दोन पानांत तुम्ही जे शोधताय त्यातलं निम्मं तिथे आहे, आणि ते तुमच्या लेकीने सांगून टाकलंय.

ताक म्हणजे पाणी नव्हे. दही लावताना दुधातलं कॅल्शियम उडून जात नाही. ताक घुसळून लोणी काढलं तरी जातो तो स्निग्धांश, कॅल्शियम ताकातच राहतं. पाणी किती घालता एवढाच काय तो प्रश्न. एका पेल्याला अर्धी वाटी भरून दही घेतलंत तर पेल्यामागे शंभर मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पडतं. दोन पेले म्हणजे दोनशे. (खानावळीत थाळीबरोबर येतं, ज्यातून पेल्याचा तळ दिसतो, ते ताक मात्र या हिशेबात धरू नका.) पेलाभर दुधात सुमारे २४० मिलीग्रॅम असतं हे खरं, पण कुंडीत ओतलेल्या दुधातलं सगळंच्या सगळं अबोलीला मिळतं.

पत्रात तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहिलीत आणि पुढे गेलात. दूध प्यायल्यावर तासाभरात तिच्या पोटात गुडगुडतं, शाळेत जाताना पोट फुगल्यासारखं वाटतं, आणि हे तुम्ही 'नाटकं' या सदरात टाकलंय. मला ती नाटकं वाटत नाहीत. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर वयाबरोबर कमी होत जाणं आपल्या देशात अगदी सर्रास आढळतं. तिसऱ्या वर्षी बाटल्या रिचवणारं मूल बाराव्या वर्षी दुधाला नाक मुरडतं, त्यामागे कधीकधी हेच असतं. हा आजार नव्हे, औषधही लागत नाही. विरजणातले जिवाणू यातली बरीचशी साखर आधीच संपवतात, म्हणून अशा पोटांना दही आणि ताक बहुधा चालतं. तिने ताक मागितलं ते तिच्या पोटाला विचारून मागितलंय म्हणा ना.

शिवाय साडेसहा ही काय वेळ आहे? रिकामं पोट, गरम दूध, वर साय, आणि बाहेर बसची घाई. मला स्वतःला आजही जमणार नाही.

आता तुमच्या पत्रातल्या पांढऱ्या गोष्टींकडे वळते. पांढरं दिसलं की आपल्याला कॅल्शियम आठवतं. नखांवरचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीकशा माराचे असतात. बाकावर बोट आपटलं, दारात चेमटलं, नखं कुरतडली, असं काहीतरी. नख वाढतं तसे ते पुढे सरकतात आणि एक दिवस नखाबरोबर कापले जातात. कॅल्शियमच्या कमतरतेची ती खूण नाही. दुसरी पांढरी गोष्ट आपल्या गोव्याच्या स्वयंपाकघरातली : नारळाचा रोस. हुमणात (माशाच्या आमटीत), खिरीत, तिजानात (नाचण्याच्या गोड पेजेत) तो सढळ हाताने पडतो आणि दिसायला दुधासारखाच, म्हणून कितीतरी जणी मला सांगतात, "आमच्याकडे दूध नाही पण रोस भरपूर." रोस चविष्ट आहे, खावा, पण त्यात कॅल्शियम जवळपास नसल्यात जमा आहे.

रात्रीच्या पायदुखीचंही तसंच. दोन्ही पोटऱ्या दुखतात, तुम्ही तेल चोळलंत की झोपते आणि सकाळी हुंदडत शाळेत जाते, असं तुम्ही लिहिलंय. वाढत्या मुलांत हे पुष्कळदा दिसतं आणि त्यावरून कॅल्शियम कमी आहे असं म्हणता येत नाही. एकच पाय, एकच जागा, सूज, ताप, लंगडणं किंवा दिवसाही दुखणं, यातलं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

उंचीचं थोडक्यात सांगते. कॅल्शियमने हाडं भरतात, उंची ताणली जात नाही. मुलींची उंचीची मोठी झेप पाळी यायच्या आधीच येऊन गेलेली असते. त्यानंतर साधारण पाच-सात सेंटीमीटर वाढ होते, कुणाची थोडी कमी, कुणाची थोडी जास्त. बाकी तुम्ही आणि तुमचे यजमान किती उंच, यावर पुष्कळ अवलंबून. पावडरचा डबा आणलाच आहे तर संपवा, नवा आणू नका. संपेपर्यंत त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर एकदा वाचा : साखर किती आहे, आणि कॅल्शियमचा आकडा नुसत्या पावडरचा आहे की दुधात कालवल्यानंतरचा.

यजमानांचा मुद्दा मात्र मोठा आहे, तिथे जरा थांबते. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणं असली तातडीची कामं चालतात. त्यामुळे रक्तातली पातळी शरीर ढळू देत नाही. ताटातून पुरेसं आलं नाही तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांकडून काढून घेतात आणि रक्ताचा आकडा सांभाळतात. तुमच्या लेकीचा अहवाल नॉर्मल आहे याचा अर्थ तिच्या ताटात पुरेसं कॅल्शियम आहे असा होत नाही. चुलीवरच्या भांड्यात शीत, म्हणजे भात, शिजतंय म्हणून धान्याची कणगी भरलेली आहे असं म्हणणार का? कणगी कुणी उघडून पाहिलेलीच नाही. (आणि म्हणून लगेच हाडांची घनता मोजायला धावू नका. धडधाकट, वाढत्या मुलीला ती तपासणी लागत नाही.)

कणगीचा विषय निघालाच आहे. एप्रिल-मे आला की आपल्या घरांत काय लगबग असते ते तुम्हाला मी सांगायला नको. सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे, सोलं (आमसुलं), मिरच्या, चिंच, पापड, कुळीथ. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, वाफ्यात भाजी कुजलेली. तेव्हा घर चालतं ते पुरुमेंतावर, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवलेल्या या साठ्यावर. ज्याने मे महिना झोपून काढला त्याला जुलैत बाजार गाठावा लागतो, आणि जुलैत बाजारात काय भावाने काय मिळतं ते आपण जाणतोच.

मुलीच्या हाडांचा एप्रिल-मे म्हणजे साधारण दहा ते अठरा वर्षं. त्यातही उंचीची झेप येऊन गेल्यानंतरचा काळ सगळ्यात भरभराटीचा, आणि मुलींमध्ये तो पाळी सुरू होण्याच्या आगेमागे येतो. मोठेपणी हाडांत जेवढी खनिजं असतात त्यातला जवळजवळ पाव हिस्सा या दोनेक वर्षांत भरला जातो. अठराव्या वर्षापर्यंत मुलींची सुमारे ९० टक्के कणगी भरून झालेली असते. पंचविशी-तिशीपर्यंत थोडीफार भर पडते, पुढे आहे ते टिकवायचं, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत उपसा झपाट्याने होतो. तो आपला पावसाळा.

तुमची लेक आत्ता ऐन मे महिन्यात आहे. तुमच्या जिवाची घालमेल मला कळते ती त्यासाठीच. फक्त तुमची सगळी शक्ती एका पेल्यावर खर्च होतेय आणि बाकीच्या ताटाकडे कुणी बघत नाहीये.

ते ताट मी तुमच्या कागदावरून मांडून पाहिलं. सकाळी चहा आणि दोन पाव. मधल्या सुट्टीत भाजीपाव, नाहीतर बिस्किटं. दुपारी शीत, हुमण, तळलेल्या इसवणाचा (सुरमईचा) तुकडा. संध्याकाळी नूडल्स किंवा वेफर्स. रात्री शीत, वरण, थोडी भाजी. "पोट सुटतं" म्हणून शीत अर्धं टाकते. चहातलं दूध, डाळ, भाजी सगळं धरून ढोबळ बेरीज अडीचशे-तीनशे मिलीग्रॅमच्या पुढे जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दहा ते बारा वर्षांच्या मुलीला रोज ८५० मिलीग्रॅम हवं, तेरा ते पंधराला १०००, सोळा ते अठराला १०५०. म्हणजे खड्डा मोठा आहे. दुधाचा तो पेला तिने मुकाट्याने प्यायला असता तरी भरला नसता.

बघा, पाव काढून टाका असं मी म्हणणार नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों ऐकू आला की मीही दारात असते. पण पाव, शीत आणि बिस्किटं मिळून कॅल्शियम फारसं देत नाहीत, आणि आपल्या आज्यांच्या ताटात जे देत होतं ते या पाव-बिस्किटांसाठी बाजूला झालंय.

त्यात पहिला नाचणा. शंभर ग्रॅम नाचण्याच्या पिठात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दुसऱ्या कुठल्या रोजच्या धान्यात इतकं नाही. तांदळात तर दहा-बाराच. दोन मध्यम भाकऱ्यांना ऐंशी ग्रॅम पीठ लागतं. सगळं अंगी लागत नाही, कारण धान्यातलं फायटेट थोडं अडवून धरतं, पण मोड आणून दळलं की हा अडसर कमी होतो. रात्रभर भिजवा, उपसून फडक्यात बांधा, दीड दिवसात मोड येतात. हे काम मात्र उन्हाळ्यातच. जूननंतर आपल्याकडे नाचणा वाळत नाही, वास मारतो. मोड आलेल्या नाचण्याचं पीठ पुरुमेंतात धरायची वस्तू आहे. आणखी एक, नाचण्यातलं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. वस्त्रगाळ सत्व दिसायला छान, बाळाला ठीक, पण साडेबारा वर्षांच्या मुलीला सबंध पीठच द्या.

भाकरीला ती नाही म्हणेल. तिजान करून बघा, पण अर्धा रोस आणि अर्धं दूध घालून, गूळ आणि मीठाची चिमूट. दूध असं शिजवलेलं, दुसऱ्या अन्नाबरोबर, थोडंथोडं पोटात गेलं तर पुष्कळ पोटांना चालतं. मी लहानपणी तिजान पाहून पळत असे. आजीने एकदा ते घट्ट आटवून तूप लावलेल्या ताटात थापलं, गार झाल्यावर सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात कापलं आणि काही न बोलता फडताळात ठेवून दिलं. संध्याकाळपर्यंत ताट रिकामं. पदार्थ तोच, पण चोरून खायला मिळाला.

दुसरी मासळी, आणि इथे आपण गोयकार उगाच मागे आहोत. तुमच्या घरी रोज नुस्तें असतं, तरी त्यातून कॅल्शियम मिळत नाही, कारण इसवणाच्या तुकड्यातलं मांस आपण खातो आणि कॅल्शियम काट्यात असतं. काट्यासकट खाता येते ती छोटी मासळी : तारले, मांदेली. मांदेली कडक तळली की काटा कुठे गेला कळत नाही. तारले कुकरमध्ये तळाला सोलं पसरून, मंद आचेवर चांगले शिजू द्या. मधला काटा बोटांत कुस्करेल इतका मऊ होतो. ताटात चार असे तारले म्हणजे एका पेला दुधाची बरोबरी सहज झाली, आणि तारले-बांगडे तेलकट असल्यामुळे थोडं ड जीवनसत्त्वही वर मिळतं. काट्याला घाबरते ना ती? पहिल्यांदा कुस्करून, कांदा-मिरची घालून पावाला लावून द्या. आणि इसवणापेक्षा तारले किती स्वस्त, हे तर तुम्हीच मला सांगाल.

सुक्या सुंगटांची किसमूरही (कोशिंबिरीसारखा प्रकार) यातच आली, कारण बारीक सुंगट आपण सालीसकट खातो. फक्त मीठ सांभाळा. जास्त मीठ लघवीवाटे कॅल्शियमला सोबत घेऊन जातं. सुंगटां धुऊन, पाण्यात थोडा वेळ ठेवून मग भाजली तर बराच खार निघतो. वेफर्सच्या पाकिटातलं मीठ तर धुताही येत नाही.

सोमवारी आणि श्रावणात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं तेव्हा कुळीथ आहे, शंभर ग्रॅमला अडीचशेच्या वर. पिठी करा, नाहीतर कढण. मस्कासांगेचा पाला, म्हणजे शेवग्याचा, गोकुळाष्टमीला कोकणात आंबोळ्यांबरोबर करतात तो, वर्षाला एकदाच का? परसात झाड आहे म्हणता. न सोललेल्या तिळाची चटणी करून ठेवा. दिवसाला मोठा चमचाभर पोटात गेली तर शंभर मिलीग्रॅमची सोय होते, आणि ती तुमच्या पावाशीही जाते. तांबडी भाजी, म्हणजे तांबडा माठ, जरूर खा, पण लोहासाठी आणि फोलेटसाठी. तिच्यात आणि पालकात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला घट्ट धरून बसतं. पालकातलं जेमतेम पाच टक्के अंगी लागतं, दुधातलं सुमारे तीस. आणि रात्री भिजवलेले पाच बदाम, ज्यांचा तुम्ही इतक्या समाधानाने उल्लेख केलाय, त्यांत कॅल्शियम भरतं पंधरा मिलीग्रॅम. बदाम चांगले आहेत हो, पण महाग समाधान आहे.

मी सांगते तसं सगळं एकदम मांडू नका, ती पळून जाईल. ताक दोन पेले, ते तर तिनेच कबूल केलंय. रात्री शितावर वाटीभर दही. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणा, दोनदा छोटी मासळी, चटणीची बरणी टेबलावर. एवढं बसलं की पुढचं बघू. एखाद्या दिवशी आकडा पाचशेवर राहिला म्हणून कणगी रिकामी होत नाही. हिशेब आठवड्याचा धरा.

त्या अर्ध्या टाकलेल्या शिताबद्दल मला जास्त बोलायचंय, नखांपेक्षा कितीतरी जास्त. साडेबारा वर्षांची मुलगी पोट सुटेल म्हणून जेवण टाकते, हे तुम्ही कंसात लिहिलंय. कंसातून बाहेर काढा. या वयात मुलीचं वजन थोडं वाढतं, कंबर-मांड्या भरतात, तसं व्हायलाच हवं. जेवण फार तोडलं आणि वजन उतरलं तर पाळी थांबते, आणि पाळी थांबली की हाडांत भर घालणारं इस्ट्रोजेन कमी होतं. मग ताक आणि तारले कितीही दिले तरी ते राखायला कुणी नसतं. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत पाळी मागेपुढे होणं साहजिक आहे, पण सलग तीन महिने आली नाही तर दाखवून घ्या. आणि घरात कुणी तिच्या अंगकाठीवर, रंगावर बोलतं का, तेही जरा कान देऊन ऐका. बोलणारी व्यक्ती आपणच निघतो कधीकधी.

रंगावरून उन्हाचं आठवलं. सासूबाई तिला उन्हात जाऊ देत नाहीत, "काळी पडेल" म्हणतात. ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि ते मुख्यतः उन्हानेच त्वचेत तयार होतं. सकाळचं कोवळं ऊन यासाठी चांगलं असं आपण ऐकत आलो, पण ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व बनतं ते कोवळ्या उन्हात फारसे नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ती वेळ खरी. हात-पाय उघडे ठेवून वीस मिनिटं ते अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार वेळा. सावळ्या त्वचेला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात चार महिने आपल्याकडे मळभ, म्हणून ऑक्टोबर ते मे हे दिवस वाया घालवू नका. सासूबाईंना सांगा, रंग उतरतो, खुबा जुळायला फार वेळ लागतो. त्यांनी तुमच्या आईला बघितलंय, त्यांना कळेल.

आणि फुगडी. शाळेच्या फुगडीच्या चमूत तिचं नाव आलंय, पण "पाळी आलेल्या मुलीने इतकं उड्या मारू नये" म्हणून घरात कुरबुर आहे, असं लिहिलंय तुम्ही. ताई, हाडाला जमिनीचा दणका लागतो तेव्हाच ते जास्त भरतं. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडाला फुगडी, दोरीच्या उड्या, लंगडी, धावणं, फुटबॉल जास्त मानवतं. शेणाने सारवलेल्या अंगणात गणेश चवथीच्या रात्री तासतासभर फुगड्या घालणाऱ्या बायका व्यायामशाळेत कधी गेल्या नव्हत्या. पाळीच्या दिवसांतही दुखत नसेल तर खुशाल नाचू दे.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. गोळी वाईट नाही, पण आधी ताट बघायचं, मग गोळी. दूध, दही, मासळी यातलं काहीच चालत नसेल, मूल फेफऱ्याच्या किंवा स्टिरॉइडच्या औषधांवर असेल, किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, जमिनीवरून उठायला किंवा जिना चढायला जड जात असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. गरज वाटली तर ते बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवतील. शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका. डॉक्टरांनी दिलीच तर एवढं लक्षात ठेवा : १२५० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलीग्रॅम, ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि एका वेळी पाचशेहून जास्त शरीराला नीट घेता येत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, तिच्याबरोबर कॅल्शियमची गोळी, दूध, ताक किंवा चहा नको. दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम लोहाला अडवतं, आणि पाळी सुरू झालेल्या मुलीला लोहही तितकंच लागतं. ६०,००० युनिटच्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्याही कुणी सांगितलं म्हणून द्यायच्या नाहीत. आठवड्याची पुडी रोज घेऊन आजारी पडणारी माणसं असतात.

"आईचं झालं तेच हिचं होणार का?" हाडं किती दणकट होणार यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे मी लपवत नाही. पण तुमच्या आईचं हाड नुसतं ठिसूळपणामुळे मोडलं नाही. ओली फरशी होती, धरायला काही नव्हतं, रात्री दिवा लागला नाही, हे सगळं तुमच्याच पत्रात आहे. न्हाणीघरात एक दांडी बसवून घ्या, पाय पुसायचं सरकतं फडकं काढून टाका. ते काम या आठवड्यात होण्यासारखं आहे.

आणि आजी व नात यांच्या मधे एक बाई आहे, तिच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. त्या कागदावर सगळ्यांचं खाणं आहे, तुमचं नाही. तुम्ही चाळिशीला आलात. तुम्हालाही रोज १००० मिलीग्रॅम लागतं आणि तुमचा पावसाळा तिच्यापेक्षा खूप जवळ आहे. घरातली छोटी मासळी सगळ्यांना वाढून झाल्यावर तुमच्या वाट्याला हुमणाचा रस येतो की नाही? म्हणून ताक घुसळाल तेव्हा तीन पेल्यांचं घुसळा. तिसरा तुमचा, तिच्याबरोबर बसून, शाळेतून आल्यावर. साडेसहाचा पेला बंद.

कुंडीतली माती मात्र बदलून घ्या, आंबलेल्या दुधाला मुंग्या लागतात आणि अबोलीची मुळं कुजतात. त्यावरून तिला काही बोलू नका.